शेरा: वाचकाकडे

मत्सर मला लहानपणापासून चांगला जमतो. शाळेत एका मुलीचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख होतं. तिचं पेन मी एकदा हात लागल्यासारखं करून बाकावरून पाडलं, बरोबर निबेवर. ती रडली, मी तिला माझं पेन दिलं आणि वर बाईंकडून शाबासकीही मिळवली. त्यामुळे चाळिशीला आल्यावर, चेन्नईत, एका पासष्टी उलटलेल्या बाईचा मी मत्सर करू लागले याचं मला नवल वाटलं नाही. नवल इतकंच, की भांडणाचं कारण म्हणजे तळहाताएवढी एक जुनी यात्रेची पुस्तिका होती आणि भांडणात मी एकटीच होते.

मी शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधते आणि त्याचा पगार घेते. आठ वर्षं झाली इथे. तमिळ अजून रिक्षावाल्यापुरतं येतं, तेही तो समजूतदार असेल तर. शनिवारचा माझा उद्योग मात्र वेगळा. पूर्वी मराठी मुलखातून रामेश्वराला निघणाऱ्या लोकांसाठी छोट्या मार्गदर्शक पुस्तिका छापत असत. गाडी कुठे बदलायची, धर्मशाळा कुठली बरी, कुठल्या गावचं पाणी उकळून प्यावं, हमालाशी काय बोलावं, असं सगळं त्यांत असे. या पुस्तिका मी गोळा करते, म्हणजे वाचते आणि टिपून घेते. पुण्याच्या एका त्रैमासिकाच्या संपादकांना मी यावर लेख देऊ केला, तेव्हा ते फोनवर म्हणाले, "काशी-रामेश्वरावर सगळ्यांनी लिहिलंय. तुम्ही तिथे राहता, तर मद्रास शहराचं काही सापडतंय का बघा. ते असेल तर लेख घेऊ, नाहीतर राहू दे." तेव्हापासून मद्रासचा भाग असलेली मराठी पुस्तिका शोधणं हा माझ्या अब्रूचा प्रश्न झाला.

शहराच्या जुन्या भागात एक ग्रंथालय आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी तिथे जे केलं ते शोभणारं नाही. तिथे पुस्तकं कपाटांतून आपण काढायची नसतात. लाकडी खणांतली कार्डं चाळायची, क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा, तारीख घालून सही करायची आणि चिठ्ठी काउंटरवर द्यायची. मग शिपाई आत जातो. माझ्या चिठ्ठ्या घेऊन तो आत जाई, अर्ध्या तासाने बाहेर येई आणि म्हणे, "इल्लै, मेडम." नाही. पहिले चार शनिवार मी दोन तास बसने येऊन 'इल्लै' ऐकत होते.

आणि शेजारच्या टेबलावर एका बाईंसमोर पुस्तकांची चळत.

सुती नऊवारी नव्हे, साधी कांचीची सुती साडी, चष्म्याला दोरी, आणि हातात शाळेतल्या मुलांची असते तशी पेन्सिल. शिपाई त्यांना "टीचर" म्हणे. टीचर आल्या की त्यांच्या डोक्यावरचा पंखा आपोआप सुरू होई. माझ्या डोक्यावरचा पंखा कित्येक शनिवार बिघडलेलाच होता. त्यांची चिठ्ठी आत गेली की दहा मिनिटांत पुस्तक बाहेर. एकदा त्यांच्या पुस्तकाकडे मी मान लांब करून पाहिलं तर ते मराठी. मी पाहतेय हे पाहून त्या म्हणाल्या, "मराठी कीं तूं? ये मा, येथें बैस. तेथें पंखा चालत नाहीं."

त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या. शेकडो वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्यांपैकी. चेन्नईजवळच्या आवडी गावी, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये नवऱ्याची सगळी नोकरी झाली आणि त्यांची शाळेतली शिक्षिकेची. त्यांचं मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं. 'अस्कें' म्हणजे सगळं, 'कोठें', 'बेस आहे' असे शब्द, आणि चाल सगळी तमिळ, वाक्याच्या शेवटी उंच जाणारी. घरी येऊन मी नवऱ्याला नक्कल करून दाखवली. नंतर पुस्तिका हातात आल्यावर कळलं की त्यांतलं मराठी अगदी असंच आहे. नक्कल बंद केली. पण त्यांना ते न वाचताच येतं आणि मला दोनदा वाचावं लागतं, ही गोष्ट मनात टोचत राहिली.

त्या मला मावशी म्हणू देत, पण त्यांच्या पिठल्याला मी पिठलं म्हटलेलं त्यांना चालत नसे. अंगणातल्या बाकावर डबा उघडला की वाद. त्यांचं पिठलं म्हणजे तुरीची डाळ, चिंच आणि कारलं. मी म्हटलं, "मावशी, पिठल्याला पीठ लागतं." त्या म्हणाल्या, "तुम्ही तेथें विसरला. आम्ही येथें जपून ठेविलें." असं बोलणाऱ्या बाईवर रागावताही येत नाही. म्हणून मी मनात रागवायची.

पुस्तकं 'इल्लै' का होतात ते मला त्यांनीच शिकवलं. यात्रेच्या पुस्तिका पातळ. सुट्या ठेवल्या तर हरवतात, म्हणून पूर्वीच्या बाइंडरने एका उंचीच्या पाच-सात पुस्तिका एका पुठ्ठ्यात बांधून टाकल्या, विषय बघितला नाही. आणि कार्ड लिहिणाऱ्याने कार्डावर फक्त पहिल्या पुस्तिकेचं नाव लिहिलं. त्यामुळे पुढे पंचांग, मागे औषधांची यादी, मध्ये एखादं कीर्तन आणि त्यांच्या पोटात रामेश्वराची यात्रा, असा प्रकार. कार्डात यात्रा शोधाल तर जन्मात मिळणार नाही. "पंचांग माग," टीचर म्हणाल्या, "आणि शेवटपर्यंत उलटत जा. मी अकरा वर्षें हेंच करतें." अकरा वर्षांत काढलेलं हे गुपित त्यांनी मला डबा खाताना दहा मिनिटांत देऊन टाकलं. मी असते तर सरणावर घेऊन गेले असते.

त्यांनीच मला एका पुस्तिकेच्या मलपृष्ठावरची जाहिरात दाखवली. खिशात मावेल अशी दक्षिण यात्रेची पुस्तिका, मद्रास शहराचा वेगळा भाग, मराठी मंडळींना उतरण्याच्या जागांसह. जाहिरातीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हें मला पाहायचें आहे." बस्स, एवढंच म्हणाल्या. या बाईही लेख लिहिताहेत, हे मी त्या क्षणी ठरवून टाकलं. जुन्या पुस्तकांच्या मागे लागलेल्या माणसांना एक रोग असतो: आपल्याला हवं ते पुस्तक दुसऱ्याने मागितलं की तो ते छापायलाच मागतोय असं वाटतं. दुसरं काही कारण असू शकतं, हे सुचतच नाही. मी त्यांना विचारलंही नाही, कारण मला कोणी विचारलेलं आवडलं नसतं.

पुरावा तर समोर होता. त्यांच्याजवळ टिपणांचे गठ्ठे होते. काउंटरवर रद्द झालेल्या चिठ्ठ्या टोपलीत टाकतात, त्या टीचर मागून घेत आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने उतारे उतरवून घेत. मग सुतळीने बांधत. एवढं टिपण कोणी उगीच करतं का?

त्या क्रमांकाने चालल्या होत्या, एकामागून एक, कासवासारख्या. मी टेस्टर. आम्ही सगळं तपासत नाही, जिथे चूक असेल तिथेच हात घालतो. कार्डावर उंची लिहिलेली असते. पुस्तिका खिशात मावणारी, म्हणजे खंडही सगळ्यात बुटका. मी सर्वांत कमी उंचीची तीन कार्डं काढली. दुसऱ्या खंडात, एका मुहूर्ताच्या पुस्तकानंतर, दातदुखीच्या मंजनाच्या यादीनंतर, ती पुस्तिका होती.

टीचर त्या दिवशी आल्या नव्हत्या. मी ती तिथेच बसून अथपासून इतिपर्यंत वाचली. मद्रासचा भाग बारा पानांचा. त्यात समुद्र होता, बाजार होता, ट्रामगाडीत कसं चढावं ते होतं. आणि स्टेशनामागच्या गल्लीतल्या एका तंजावरी मराठी गृहस्थाच्या घराबद्दल पान-सव्वापान होतं. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं, की या घरी मराठी माणसाने दारातून नुसती हाक द्यावी. कोण, कुठले, किती दिवस, काही विचारत नाहीत. आधी पाय धुवायला पाणी, मग गरम भात. निघताना घरधनी पुढच्या प्रवासाची एक चिठ्ठी तमिळमध्ये लिहून देतो, ती वाटेत कोणालाही दाखवावी, माणूस चुकत नाही. आतापर्यंत वाचलेल्या सगळ्या पुस्तिकांत इतकं जिवंत पान मला मिळालं नव्हतं. माझा लेख त्या पानावर उभा राहणार होता. मी फोटो काढले, सगळं उतरवून घेतलं. काम संपलं.

आणि पुस्तक परत करायच्या वेळी मी ते परत केलं नाही.

तिथे एक सोय आहे. वाचन अपुरं राहिलं असेल तर पुस्तक काउंटरमागच्या मांडणीवर आपल्यासाठी ठेवून देतात. दर आठवड्याला नवी चिठ्ठी सही करून द्यायची. ती चिठ्ठी पुस्तकातच खोचून ठेवतात, आणि दुसऱ्या कोणी ते पुस्तक मागितलं तर त्याच्या चिठ्ठीवर शिक्का मारून परत देतात: वाचकाकडे आहे. मी सही केली. शिपायाने खंड मांडणीवर ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला बरं वाटलं.

लेख छापून येईपर्यंत, असं मी स्वतःला सांगितलं. नंतर खुशाल पाहू दे.

दोन-तीन शनिवारांत टीचर त्या क्रमांकापर्यंत पोचल्या. त्यांची चिठ्ठी शिक्का मारून परत आली. "पुढच्या शनिवारीं पाहूं," त्या म्हणाल्या आणि पुढचा खंड मागवला. पुढच्या शनिवारी पुन्हा शिक्का. त्यापुढच्याही. बाकी सगळे खंड संपले. शेवटी एकदा डबा खाताना म्हणाल्या, "अस्कें पाहून झालें मा. तो एकच राहिला. म्हणजे त्यांतच असणार. कोण तो वाचक आहे, कळत नाहीं. देव त्याला लवकर वाचायला शिकवो." मी कारल्याची फोड गिळली.

तरी कदाचित मी सोडलं असतं. पण मधल्या एका शनिवारी नवरा कामावर गेला म्हणून मुलीला बरोबर आणावं लागलं. माझी नऊ वर्षांची मुलगी, जिला मराठी वाचायला बसवलं की पोट दुखतं, ती अंगणात टीचरांजवळ बसून तासभर तमिळमध्ये बोलत होती. खिदळत होती. मी जवळ गेले तर दोघी सावरून बसल्या, पाहुणी आल्यासारख्या. मग टीचरांनी माझ्यासाठी मराठीत सांगितलं की काय गोष्ट चालली होती. माझ्या मुलीचं हसणं मला दुसऱ्या बाईने भाषांतर करून सांगितलं! परत जाताना मुलगी म्हणाली, "आई, पाट्टी किती जोक्स सांगते. तू का नाही सांगत?" पाट्टी म्हणजे आजी, एवढं तमिळ मात्र मला कळलं. आठ वर्षं या शहरात भाडं भरून मला एक गल्ली आपली म्हणता येत नाही, आणि या बाईला शिपाई, पंखा, तमिळ, जुनं मराठी आणि आता माझी मुलगी, सगळंच. एक पुस्तक तरी माझं राहू दे. त्या दिवशी मी सही करताना पेन इतकं दाबलं की चिठ्ठी फाटता फाटता राहिली.

डिसेंबर संपत आला तेव्हा टीचरांनी सांगितलं, की पोंगल झालं की त्या होसूरला मुलीकडे कायमच्या जाणार. गुडघे गेले, एकटीने गाडीत चढणं होत नाही. आवडी गावचं घर आवरायला काढलं होतं.

"मग तुमचा लेख?" मी विचारलं. तोंडातून निघूनच गेलं.

"कसला लेख?"

"हे सगळं टिपण..."

त्या हसल्या. "अय्यो, मी काय लिहूं? उतरवून घेतें, बेस वाटतें म्हणून." मग डब्याचं झाकण लावत, माझ्याकडे न पाहता त्यांनी सांगितलं. त्यांचे आजोबा स्टेशनामागच्या गल्लीत राहत. यात्रेला आलेल्या मराठी लोकांना घरी उतरवून घेत. आजी मरेपर्यंत सांगत होती, की आपलं घर पुस्तकात छापलेलं आहे. घर कधीच पडलं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. फोटो नाही, कागद नाही. भाऊ म्हणत, म्हातारीने कथा रचली. मुलगीही हसते. "छापलें असेल तर तेथेंच असेल," त्या म्हणाल्या. "एकदां डोळ्यांनी पाहिलें म्हणजे जायला मोकळी. कोणाला सांगितलें नाहीं मी. शोधलें आणि नसलें, तर मग आणखी हसतील."

त्यांच्या आजोबांचं घर मला पाठ होतं. पायाला पाणी, मग गरम भात. मला त्या अंगणात, त्याच क्षणी बोलता आलं असतं. मांडणी तीस पावलांवर होती.

मी म्हटलं, "सापडेल हो मावशी."

का, ते आता लिहायला काय हरकत आहे. मला त्यांचा आधी मत्सर वाटत होता तो पुस्तकासाठी. आता त्या पुस्तकात त्यांचं घर निघालं. मी शोधून काढलेलं सगळ्यात सुंदर पानही शेवटी त्यांचंच! त्या संध्याकाळी मी नवी चिठ्ठी भरली आणि सही केली. रविवारी बसून लेख पुरा केला आणि पुण्याला पाठवला. संपादकांचं उत्तर दोन दिवसांत आलं. त्या घराचं पान वाचून अंगावर काटा आला, असं त्यांनी लिहिलं होतं.

पोंगलच्या आधीच्या शनिवारी टीचर शेवटच्या आल्या. चालताना भिंत धरत होत्या. शिपायाला त्यांनी घरचे चकलीसारखे मुरुक्कू दिले, पंख्याकडे वर पाहून हसल्या. मग सुतळीने बांधलेले सगळे गठ्ठे माझ्यासमोर टेबलावर ठेवले. प्रत्येक गठ्ठ्यावर खंडाचा क्रमांक, आत कुठल्या पानापासून कुठली पुस्तिका, ते बारीक अक्षरात. अकरा वर्षं.

"तुला उपयोग होईल. मी होसूरला नेऊन काय करूं? तो एक खंड मात्र राहिला. मिळाला तर पाहा, आणि मला फोनवर सांग, आहे कीं नाहीं."

मी उठले. हे चांगुलपणाने उठले असं कोणी समजू नये. त्या गठ्ठ्यांसमोर बसवेना, म्हणून उठले. काउंटरवर गेले. मी तोंड उघडायच्या आत शिपायाने मांडणीवरचा खंड काढून माझ्या हातात दिला. तो टीचरांसमोर ठेवला, मुहूर्त आणि मंजन उलटून पुस्तिका उघडली आणि पान काढलं.

त्यांनी चष्मा पुसला. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत वाचू लागल्या. मग आवाज फुटला, वाचनालयात बोलू नये हे त्या विसरल्या. मराठी माणसाने दारातून नुसती हाक द्यावी, इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. कोण, कुठले, काही विचारत नाहीत, हे त्यांनी दोनदा वाचलं. ते वाक्य मी लेखात ठळक घातलं होतं. दारातून हाक देणारं ते मराठी माणूस मीही असू शकते, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

पान उलटताना चिठ्ठ्या बाहेर आल्या. त्या काढून घ्यायला मी विसरले होते. नऊ चिठ्ठ्या, नऊ शनिवार. टीचरांनी त्या एकेक करून टेबलावर मांडल्या. तारखा पाहिल्या. त्यांतली एक फाटायला आली होती, तिच्यावरून अंगठा फिरवून ती सरळ केली.

"तुझ्याकडे होतें."

"हो."

"वाचून झालें नव्हतें?"

"पहिल्याच दिवशी झालं होतं."

मी वाट पाहत होते. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं, मी भांडायला पटाईत आहे. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली. टोपलीतल्या चिठ्ठ्या आणायला काउंटरपर्यंत जाणं गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. त्यांनी माझ्याच चिठ्ठ्या उलट्या केल्या आणि कोऱ्या बाजूवर आजोबांचं घर उतरवून घेऊ लागल्या. मी म्हटलं, मी फोटो पाठवते, माझ्याकडे आहेत. त्यांनी मान न उचलता डावा हात हलवला, वर्गात बोलणाऱ्या मुलीला गप्प करतात तसा. बंद व्हायची घंटा झाली तरी त्या लिहीत होत्या, आणि शिपाई दिवे घालवायला आला नाही.

सात चिठ्ठ्या भरल्या. त्यांनी त्या सुतळीने बांधल्या आणि उरलेल्या दोन माझ्याकडे सरकवल्या. "ह्या तुझ्या," म्हणाल्या.

लेख छापून आला. लोकांना आवडला. गठ्ठे माझ्या कपाटात आहेत, त्यांची सुतळी मी अजून सोडलेली नाही. होसूरला दोनदा फोन केला. त्यांनी पिठलं कसं करायचं ते सांगितलं, दुसरं काही नाही. तिथे आता कोणी त्यांच्या घराच्या गोष्टीला हसत असेल, तर त्या सुतळी सोडून त्या सात चिठ्ठ्या दाखवत असतील. वाचून झालं की माणूस कागद उलटून पाहतोच. मागे तारीख असते, खंडाचा क्रमांक असतो, आणि खाली माझी सही, सातही वेळा अगदी सुरेख अक्षरात.